लेकीकडचे बारा दिवस आणि शेजारच्या बाईंची कमिशनरची निवडणूक

शनिवार, २८ ऑक्टोबर २०२३

मुंबई ते दोहा, दोहा ते फिलाडेल्फिया असं करत एकदाची उतरले. लेक आणि जावई दोघंही घ्यायला आलेले, नातू मागच्या सीटवर गाढ झोपलेला. एअरपोर्टपासून त्यांचं गाव गाडीने दीड तास. शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना झाडं सुरू झाली, लाल, केशरी, हळदीसारखी पिवळी, आणि वारा सुटला की रस्त्यावर पानांचा नुसता सडा. हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो तशा गवतात खोचलेल्या छोट्या छोट्या पाट्या दिसायला लागल्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या, दोन तारांवर उभ्या, प्रत्येक वळणावर पाच-सहा. वाटलं घर विकणे-घेणेवाले असतील. लेक म्हणाली, आई, इलेक्शन आहे सात तारखेला.

आता मी कोण ते सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्या एकतीस वर्षांत ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एकही इलेक्शन ड्युटी चुकली नाही. साहित्य वाटप, एसटीतून केंद्रावर जाणं, शाळेच्याच वर्गात रात्री सतरंजीवर झोपणं, पहाटे मॉक पोल, हे सगळं अंगात भिनलेलं आहे. त्यामुळे इलेक्शन म्हटलं की माझे कान आपोआप टवकारतात.

घरी पोचल्यावर कोजागिरीचं दूध आटवलं. डेकवर पातेलं ठेवून चंद्र बघितला, थंडी इतकी की दूध पाच मिनिटात गार झालं.

रविवार, २९ ऑक्टोबर

सकाळी शेजारच्या बाई आल्या, हातात भोपळ्याचा केक. साठीच्या आसपासच्या, केस पांढरे, पायात चिखलाचे बूट. लेकीने ओळख करून दिली, ह्या काउंटी कमिशनरला उभ्या आहेत. (त्यांचं नाव, गाव, पक्ष काही लिहीत नाही, मी त्यांना तसं विचारलेलं नाही आणि मला सांगायचंय ते पक्षाबद्दल नाहीचे.)

कमिशनर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपले आयुक्तच आले, म्हणजे परीक्षा देऊन वर गेलेला साहेब, बदलीवर येणारा आणि बदलीवर जाणारा. तसं नाही ते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण पुष्कळ लहान. लेक राहते त्या पेन्सिल्वेनिया राज्याची लोकसंख्या सव्वा कोटींच्या वर आणि काउंट्या ६७, आपल्याकडे अख्ख्या महाराष्ट्रात जिल्हे ३६. बहुतेक काउंट्यांचा कारभार तीन कमिशनर बघतात आणि तिघंही लोकांनी चार वर्षांसाठी निवडलेले. तुरुंग, ९११ चा इमर्जन्सी फोन, काउंटीच्या मालकीचे पूल, घरपट्टीसाठी घरांची किंमत ठरवणं, अनाथ आणि छळ झालेल्या मुलांची व्यवस्था, काही ठिकाणी म्हाताऱ्यांचं सरकारी नर्सिंग होम, आणि निवडणुका घेणं सुद्धा, हे सगळं त्या तिघांच्या टेबलावर.

त्याची पद्धत मला फार आवडली. जागा तीन, पण एक पक्ष दोनच उमेदवार देऊ शकतो आणि मतदारालाही दोनच मतं. मग पहिले तीन निवडून येतात. म्हणजे दोन मोठ्या पक्षांचे दोन-दोन उभे असले की कितीही एकतर्फी काउंटी असो, एक खुर्ची दुसऱ्या पक्षाला जातेच, विरोधातला एक माणूस त्या टेबलावर बसलेला असणारच. चारजण उभे, तीन आत, एक बाहेर. बाई म्हणाल्या, मला फक्त चौथं यायचं नाहीये.

त्या गेल्यावर मी बराच वेळ खिडकीत बसून होते. आमच्या जिल्हा परिषदेची शेवटची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ला झाली, मी केंद्राध्यक्ष होते, गटाचं एक आणि गणाचं एक अशी दोन मतं द्यायची, म्हाताऱ्या बायकांना समजावून समजावून माझा घसा बसला होता. मार्च २०२२ ला मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. आरक्षणाचा विषय कोर्टात, तारखांवर तारखा. दीड वर्ष होऊन गेलं, आमच्या गटाला सदस्यच नाही.

सोमवार, ३० ऑक्टोबर

आज लेकीने घरबसल्या मतदान केलं. २०१९ च्या कायद्यापासून इथे काहीही कारण न देता पोस्टाने मत देता येतं. जेवणाच्या टेबलावर मतपत्रिका पसरली आणि मी चष्मा लावून शेजारी बसले, हात मात्र लावला नाही, सवयच आहे तशी.

केवढी लांब ती मतपत्रिका. सगळ्यात वर राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा जज, हो, जजसुद्धा निवडून देतात आणि तेही पक्षाच्या नावावर. टीव्हीवर सारख्या ज्या जाहिराती चालू होत्या त्या ह्याच दोघांच्या, मॅकॅफ्री आणि कार्लुचियो. मग खालच्या कोर्टांचे जज, मग काउंटी कमिशनर, शेरीफ, कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा, मृत्युपत्रांची नोंद ठेवणारा, स्कूल बोर्ड, टाउनशिपचे सुपरवायझर. आणि एक पद प्रोथोनोटरी! हा शब्द मी आधी एकदाच ऐकलेला, माझ्या भावाची केस मुंबई हायकोर्टात होती तेव्हा, तिथे प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर असं पद आहे. इथे कोर्टाची दिवाणी कागदपत्रं सांभाळणाऱ्याचं तेच नाव, फक्त तो लोकांनी निवडलेला. एकाच जुन्या इंग्रजी मुळाच्या दोन फांद्या, एक फोर्टात आणि एक इथल्या टेबलावर, मला तर गंमतच वाटली.

लेकीने काळ्या पेनाने एकेक गोल भरला, अगदी कडेपर्यंत, शाळेत स्कॉलरशिपच्या उत्तरपत्रिकेत भरायची तसा. मग मतपत्रिका आधी आतल्या कोऱ्या पाकिटात, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, बाहेर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलं की मत बाद. तारीख विसरली की त्यावरून वाद, कोर्टकचेऱ्या. मी तिला दोनदा विचारलं, तारीख टाकलीस ना. पोरगी हसली पण तिनेही परत बघितलं.

जावयांना मत नाही, ग्रीन कार्ड आहे फक्त. बारा वर्षं इथे टॅक्स भरतात. गप्प बसून बघत होते.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

हॅलोविन. नातू वाघ झाला होता. शेजारच्या बाई दारात खुर्ची टाकून पोरांना चॉकलेटं वाटत होत्या, अंगावर प्रचाराचा बिल्ला नाही, बाजूला पत्रक नाही. लेकीने विचारलं तर म्हणाल्या, आज पोरांचा दिवस.

गुरुवार, २ नोव्हेंबर

बुधवारी नुसती झोपले, जेटलॅग. आज लेकीने सुट्टी घेतली आणि आम्ही काउंटीच्या मुख्य गावाला गेलो, माझाच हट्ट, मी म्हटलं मॉल नको, कोर्टहाउस दाखव. जुनी दगडी इमारत, वर घड्याळाचा मनोरा, समोर युद्धात गेलेल्यांच्या नावांचा खांब. सकाळी दहाला कमिशनरांची मीटिंग होती आणि ती कुणालाही खुली. दारात नाव लिहिलं, बॅग तपासली, आत जाऊन बसलो, बास. पास नाही, कुणाची ओळख नाही.

हॉल साधा, आपल्या पंचायत समितीच्या सभागृहाएवढा. समोर तिघं कमिशनर. आधी सगळे उभे राहून झेंड्याला शपथ, मग विषय भराभर, अमुक पुलाच्या दुरुस्तीचं टेंडर, तुरुंगाच्या जेवणाचं कंत्राट, ९११ ला फोन घेणारी माणसं कमी पडतायत त्यांची भरती. मग पब्लिक कमेंट. लोकांना बोलायला वेळ द्यायचा हा इथला कायदाच आहे. माइकसमोर एकेकजण येतो, नाव आणि गाव सांगतो, तीन मिनिटं बोलतो. एक आजोबा घरपट्टीवर बोलले, चांगलेच तापले होते. एक तरुण मुलगी तिच्या आईच्या नर्सिंग होमबद्दल बोलली आणि मध्येच तिला रडू आलं, तीन मिनिटं संपली तरी कुणी घंटा वाजवली नाही. एक कमिशनर मान खाली घालून लिहून घेत होता. पुढे काय होईल ते होईल, पण तिच्यासमोर तीन माणसं बसलेली होती जी पाच दिवसांनी मतांना सामोरी जाणार होती.

मला ते बघून घशात आवंढा आला. आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्यांचं निर्लेखन झालं, म्हणजे त्या कागदोपत्री मोडीत काढल्या, तेव्हा सदस्यांच्या घरी सकाळी सात वाजता जाऊन बसले होते मी, चहा घेतला, फाईल दाखवली, त्या बाई सर्वसाधारण सभेत उभ्या राहिल्या आणि खोल्या मंजूर झाल्या. पन्नास टक्के आरक्षणामुळे निवडून आलेली शेतकऱ्याघरची बाई, पहिल्या सभेला हात कापत होते म्हणायची. आज तशी खोली पडली तर माझ्या जागेवर आलेल्या मुलीने कुणाच्या दारात जायचं? प्रशासक वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, चांगले अधिकारी मी पुष्कळ बघितले, पण त्यांच्या घरी सकाळी सातला जाऊन बसता येत नाही.

शनिवार, ४ नोव्हेंबर

आजचा दिवस मी विसरणार नाही. शेजारच्या बाईंबरोबर दारोदार गेले.

आधी लेकीने नीट चौकशी केली, कारण मी इथे पाहुणी, नागरिक नाही. पगार न घेता प्रचारात हिंडायला हरकत नाही, निर्णयात भाग घ्यायचा नाही, आणि पैसे तर एक डॉलरसुद्धा द्यायचा नाही, परदेशी माणसाकडून प्रचाराला पैसे घेणं इथे गुन्हा आहे, अगदी गावच्या निवडणुकीतसुद्धा. वाटेत कॉफी घ्यायला थांबलो तर मी सगळ्यांचे पैसे द्यायला पुढे झाले, आपला स्वभाव, तर बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, नको, तुमच्याकडून मी काहीच घेऊ शकत नाही. स्वतःची कॉफी स्वतःच्या पैशाने. दोन डॉलरची कॉफी, कुणी बघायला नव्हतं. मला एकदम आदर वाटला त्यांच्याबद्दल.

तर प्रचार कसा. भोंगा नाही, गाडी नाही, हार नाही. त्या, मी आणि कॉलेजमधला एक मुलगा. मुलाच्या मोबाईलवर मतदारांच्या घरांची यादी, हातात जाड कागदाची पत्रकं, वर भोक पाडलेली, दाराच्या मुठीला अडकवता यावीत म्हणून. मी एका ठिकाणी पत्रक टपालपेटीत टाकायला गेले तर तो मुलगा ओरडलाच, नो नो! इथे घराबाहेरच्या टपालपेटीत तिकीट लावलेल्या टपालाशिवाय दुसरं काही टाकायला बंदी आहे, पेटी तुमच्या अंगणात असली तरी ती फक्त टपालासाठी. म्हणून ते भोक.

घरं लांब लांब. एका घरापासून दुसऱ्यापर्यंत मक्याचं कापलेलं शेत. घंटा वाजवायची, दोन पावलं मागे येऊन उभं राहायचं. निम्म्या ठिकाणी दार उघडलंच नाही. काही ठिकाणी कुत्री. एका बाईने काचेतूनच हाताने जा म्हणून सांगितलं. शेजारच्या बाई प्रत्येक वेळी थँक यू म्हणायच्या, बंद दारालासुद्धा.

पण जिथे उघडलं तिथे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी आम्ही अर्धा तास होतो. घराच्या भिंतीवर गाईंच्या स्पर्धेच्या निळ्या रिबनी, ऐंशी तरी वय असेल, हाताची बोटं आमच्या आप्पांसारखी, सांधे सुजून वाकडी झालेली. त्याचं म्हणणं एकच, ओढ्यावरचा काउंटीचा पूल बंद केलाय, शेत पलीकडे, ट्रॅक्टर घेऊन मोठ्या रस्त्याने लांबून वळसा घालावा लागतो आणि मागून गाड्या हॉर्न मारतात. मी तुम्हाला मत देणार नाही, तुमच्या पक्षाला मी कधीच दिलं नाही, हे त्याने पहिल्यांदाच सांगून टाकलं. तरी बाई पायरीवर बसल्या. खिशातून एक छोटी वही काढली, पेन्सिल काढली आणि पुलाचं ठिकाण, कधीपासून बंद, स्कूल बस कुठून जाते, सगळं लिहून घेतलं. मध्ये मध्ये थांबून विचारत होत्या, पावसाळ्यात... म्हणजे त्यांच्या स्प्रिंगमध्ये, पाणी कुठवर येतं. मी ती वही बघितली, अर्ध्याच्या वर भरलेली होती. प्रत्येक पानावर घर नंबर आणि खाली तक्रार, आणि काही पानांवर मताबद्दल काहीच नाही, नुसतंच कुणाची बायको आजारी, कुणाचा मुलगा तुरुंगात.

परत येताना मी विचारलं, तो तर मत देणार नाही मग एवढा वेळ का दिला. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही आधी. मग म्हणाल्या, पूल तर त्याचाही आहे ना.

संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस दारं. पाय सुजले, लेकीने गरम पाण्याची बादली दिली.

रविवार ५ आणि सोमवार ६ नोव्हेंबर

रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे गेली, साडेचार-पाचलाच अंधारायला लागलं. चिवड्याचे पोहे भाजले. दिवाळी तोंडावर आलीय, लक्ष्मीपूजन १२ ला. बाईंनी नवऱ्याबरोबर रात्री उशिरापर्यंत पाट्या नीट केल्या, वाऱ्याने काही आडव्या झाल्या होत्या. आपल्याकडे मतदानाच्या आधी प्रचार थंडावतो तसं इथे नाही, शेवटच्या मिनिटापर्यंत चालू.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

मतदान सकाळी ७ ते रात्री ८, तेरा तास. मी साडेसहाला तयार होऊन बसले होते.

केंद्र गावच्या फायर हॉलमध्ये. इथली आग विझवणारी बरीचशी पथकं गावकऱ्यांची, बिनपगारी, आणि हॉल त्यांचाच. लाल बंब बाहेर काढून आत टेबलं मांडलेली. बाहेर बायकांनी केक आणि सूप विकायला ठेवलेलं, बंबाच्या खर्चासाठी. केंद्रात गर्दी करायची नाही, दारापासून दहा फूट लांब उभं राहायचं, एवढीच रेषा. दहा फूट! आमच्याकडे शंभर मीटर, मी चुन्याने स्वतः आखलेत. इथे दहा फुटांच्या पलीकडे चारही उमेदवारांची माणसं खेटून उभी, एकमेकांना कॉफी देत होती, आणि येणाऱ्याला पत्रक. आवाज कुणाचा चढला नाही.

मी आत जाणार नव्हते, पण दारातून जेवढं दिसतं तेवढं डोळे भरून बघितलं. मतदार येतो, नाव सांगतो, सही करतो, लांबलचक कागद घेऊन आडोशाला जातो, गोल भरतो आणि स्वतःच्या हाताने मशीनमध्ये सरकवतो. मशीन कागद ओढून घेतं. शाई नाही, ओळखपत्र बहुतेकांना मागतच नाहीत, त्या केंद्रावर पहिल्यांदा येणाऱ्यालाच मागतात. बोटाला शाईऐवजी छातीला स्टिकर. केंद्राची प्रमुख एक आजी होती, तिला म्हणतात जज ऑफ इलेक्शन, आणि ती सुद्धा गावाने मतं देऊन निवडलेली. दुपारी ती हवा खायला बाहेर आली तेव्हा लेकीने तिला सांगितलं की माझी आई भारतात हेच काम करायची. आजीने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, तुम्हाला जेवायला सुट्टी मिळायची का? मी म्हटलं नाही. ती म्हणाली, मलापण नाही. भाषा एक नाही, देश एक नाही, पण त्या बाईच्या पाठीत कुठे दुखत असेल ते मला नेमकं माहीत होतं.

शेजारच्या बाई दिवसभर उभ्या. संध्याकाळी बोटं निळी पडली होती थंडीने, लेकीने थर्मासमधून चहा नेला, आलं घातलेला. लेक नागरिक आहे, तिचा चहा चालतो.

रात्री त्यांच्याकडे पंधरा-वीस लोक जमले. लॅपटॉपवर एकेका केंद्राचे आकडे चढत होते. आधी पोस्टाची मतं आली तेव्हा त्या तिसऱ्या, मग गावं यायला लागली तशा चौथ्या, मग परत तिसऱ्या, खोलीत कुणी बोलेना. साडेअकराला शेवटचं केंद्र आलं. चौथ्या. थोड्याच मतांनी. त्यांनी लॅपटॉप हळूच बंद केला, आत गेल्या, फोनवर बोलल्याचा आवाज आला, जिंकलेल्यांचं अभिनंदन करत होत्या. बाहेर येऊन प्रत्येकाला कोट घालायला मदत केली. मला तर तिथेच रडू आलं.

टीव्हीवर मॅकॅफ्री जिंकल्याचं चालू होतं. ते कुणी बघत नव्हतं.

बुधवार, ८ नोव्हेंबर

सकाळी खिडकीतून बघते तर बाई त्यांच्या पिकअपमध्ये. पाट्या गोळा करायला निघाल्या होत्या. मी स्वेटर चढवला आणि गेले. पाटी ओढून काढायची, तारा वेगळ्या, कागद वेगळा. तारा इंग्रजी एच अक्षरासारख्या, जमीन गारठलेली त्यामुळे काही निघता निघेनात, दोघींनी मिळून ओढल्या. दुसऱ्या उमेदवारांच्या पडलेल्या पाट्यासुद्धा त्यांनी उचलून सरळ करून ठेवल्या, त्यांची माणसं येतील म्हणाल्या. रडल्या होत्या हे डोळ्यांवरून दिसत होतं, पण बोलल्या नाहीत.

ओढ्यापाशी आलो. पूल बंदच, काँक्रीटचे आडवे ठोकळे आणि त्यांच्यावर पानांचा ढीग. बाईंनी गाडी थांबवली, खाली उतरल्या, फोनमध्ये फोटो काढले, एक पुलाचा, एक खालच्या खांबाचा, खांबाचं सिमेंट सुटून आतले गज दिसत होते. मग ती वही काढली आणि त्या पानावर आणखी काहीतरी लिहिलं.

उद्या गुरुवार, परत मीटिंग आहे. त्या जाणार आहेत, माइकसमोर नाव आणि गाव सांगून तीन मिनिटं पुलाचं बोलायचंय म्हणाल्या. मी विचारलं, मी येऊ का? तर सव्वानऊला निघायचं ठरलंय. उद्या वसुबारस, सकाळी लवकर उठून आधी नैवेद्याचं करून घेईन.